अध्यक्षपद डायॅनकडे

महाविद्यालयांच्या विद्यार्थी मंडळांत मुलींना स्थान नसते, असे आज कोणी म्हणणार नाही. स्नेहसंमेलनाचे सूत्रसंचालन त्यांच्याकडे असते, सजावट त्यांच्याकडे असते, पाहुण्यांना पुष्पगुच्छ देणे तर हमखास त्यांच्याकडेच असते. पैशाचा हिशेब, प्राचार्यांशी वाद, बाहेरच्या लोकांशी वाटाघाटी आणि प्रसंगी पोलीस ठाण्याची पायरी ही कामे मात्र मुलांची, अशी वाटणी कोणीही न सांगता होऊन जाते. ही वाटणी मोडावयाची तर मुलींनी धीराने पुढे आले पाहिजे, हे सर्वच सांगतात. परंतु ज्यांच्या हाती आधीपासून सूत्रे आहेत त्या मुलांनी काय करावे, ह्याचा विचार क्वचितच होतो. ह्या दृष्टीने अमेरिकेतील नॅशव्हिल शहरात १९६० साली घडलेली हकिकत वाचण्यासारखी आहे. तिचा उगम काही अंशी नागपुरात आहे आणि शेवट भर बाजारपेठेत, दुकानांच्या गल्ल्यापाशी झालेला आहे.

ह्या हकिकतीतील विद्यार्थी पुढारी म्हणजे जेम्स लॉसन. त्यांचा जन्म १९२८ साली पेनसिल्व्हेनिया राज्यात झाला आणि बालपण ओहायोतील मॅसिलन ह्या गावी गेले. वडील धर्मोपदेशक, आई मूळची जमैकाची. शाळकरी वयात एका गोऱ्या मुलाने वर्णावरून शिवी दिली, तेव्हा जेम्सने त्याच्या थोबाडीत मारली व घरी येऊन ही गोष्ट आईला सांगितली. आई स्वयंपाकात गुंतली होती. मागे वळूनही न पाहता तिने विचारले की, त्याने साधले काय? ह्याहून चांगला मार्ग असलाच पाहिजे, असे ती म्हणाली. आपल्या आयुष्याला वळण देणारा प्रसंग म्हणून लॉसन पुढे कित्येकदा ह्याच प्रसंगाकडे बोट दाखवीत. अहिंसेचा पहिला पाठ त्यांना ग्रंथातून मिळाला नाही, तो घरातच मिळाला, ही गोष्ट पुढील कथेसाठी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

महाविद्यालयात असताना कोरियाच्या युद्धासाठी सक्तीची लष्करभरती चालू होती. लॉसन ह्यांनी तिला नकार दिला आणि त्यापायी तेरा महिने तुरुंगवास पत्करला. सुटकेनंतर पदवी पुरी करून १९५३ साली ते मेथॉडिस्ट पंथाच्या वतीने भारतात आले व नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात रुजू झाले. तेथे ते विद्यार्थ्यांचे खेळ घेत, त्यांच्यात मिसळत आणि उरलेल्या वेळात गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास करीत. सेवाग्राम नागपूरहून दूर नाही. गांधीजींबरोबर प्रत्यक्ष काम केलेली माणसे त्या काळी हयात होती, आणि अशा माणसांशी लॉसन ह्यांना बोलता आले. गांधीजींच्या अहिंसाविचारावर मुंबईत जवाहिऱ्याचा व्यवसाय करणाऱ्या श्रीमद् राजचंद्रांचा केवढा प्रभाव होता, हे येथील वाचकांना वेगळे सांगावयास नको.

डिसेंबर १९५५ मध्ये ‘नागपूर टाइम्स’ ह्या दैनिकात लॉसन ह्यांनी एक बातमी वाचली. अमेरिकेतील मॉन्टगोमेरी शहरात कृष्णवर्णीय लोकांनी बसगाड्यांवर बहिष्कार टाकला होता. बातमी वाचून त्यांनी आनंदाने टाळ्या वाजवल्या. ज्या मार्गाचा अभ्यास करण्यासाठी ते सातासमुद्रापलीकडे आले होते, तो मार्ग त्यांच्याच देशात चालून दाखवला जात होता.

त्या बहिष्काराची एक बाजू सहसा सांगितली जात नाही. रोझा पार्क्स ह्यांना बसमधील जागा न सोडल्याबद्दल १ डिसेंबर रोजी अटक झाली, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु त्याच रात्री बहिष्काराची पत्रके छापली ती जो अॅन रॉबिन्सन ह्यांनी. त्या तेथील अलाबामा स्टेट कॉलेजात इंग्रजीच्या प्राध्यापिका होत्या आणि स्त्रियांच्या एका राजकीय मंडळाच्या अध्यक्षा होत्या. महाविद्यालयाच्या यंत्रावर रात्रभर जागून, दोन विद्यार्थ्यांच्या मदतीने त्यांनी हजारो पत्रके काढली व सकाळी शहरभर वाटण्याची व्यवस्था केली. पुढे चळवळ चालवण्यासाठी संस्था स्थापन झाली तेव्हा अध्यक्षपदी सव्वीस वर्षांच्या मार्टिन लूथर किंग ह्यांची निवड झाली. किंग ह्यांची योग्यता वादातीत आहे. तरीही काम स्त्रियांनी उभे करावे आणि खुर्ची पुरुषासमोर सरकवली जावी, ही रीत तेथेही चुकली नाही. नॅशव्हिल वेगळे ठरते ते ह्याच ठिकाणी.

लॉसन १९५६ साली मायदेशी परतले व ओबर्लिन येथे धर्मशास्त्राच्या शिक्षणासाठी दाखल झाले. फेब्रुवारी १९५७ मध्ये किंग तेथे व्याख्यानाला आले होते. दोघेही अठ्ठावीस वर्षांचे. लॉसन ह्यांनी शिक्षण संपल्यावर दक्षिणेत येण्याचा मनोदय सांगितला, तेव्हा किंग ह्यांनी थांबू नका, आत्ताच या, असा आग्रह धरला. त्याप्रमाणे १९५८ च्या आरंभी लॉसन नॅशव्हिलला आले आणि पुढे तेथील व्हॅन्डरबिल्ट विद्यापीठाच्या धर्मशास्त्र विभागात विद्यार्थी म्हणून शिकू लागले. वय तिशीकडे झुकलेले, हातात वही-पुस्तके आणि डोक्यात नागपूरचा अभ्यास, असा हा विद्यार्थी होता.

नॅशव्हिलमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची चार उच्च शिक्षणाची ठिकाणे होती. फिस्क विद्यापीठ, टेनेसी राज्याचे महाविद्यालय, मेहारी वैद्यकीय महाविद्यालय आणि बाप्टिस्ट पंथाची एक धर्मशाळा. ह्या सर्व ठिकाणच्या मुलामुलींसाठी लॉसन ह्यांनी फिस्कजवळच्या एका चर्चमध्ये संध्याकाळचे अभ्यासवर्ग सुरू केले. प्रारंभी उपस्थिती थोडी असे.

आंदोलन कोणत्या प्रश्नावर उभारावयाचे, हे ठरवताना लॉसन ह्यांनी जे केले त्यात पुढील यशाचे बीज आहे. शाळांतील भेदभाव, नोकऱ्या, मताधिकार, घरे, असे प्रश्न अनेक होते, आणि पुरुष पुढाऱ्यांच्या यादीत बाजारातील चहाकॉफीच्या काउंटरला वरचे स्थान मिळाले नसते. परंतु वर्गाला येणाऱ्या गृहिणी बोलू लागल्या. मुलांना घेऊन शहराच्या बाजारपेठेत जावे, दिवसभर कपडालत्ता व भांडीकुंडी खरेदी करावी आणि तेथे घटकाभर टेकावयास जागा नसावी. मूल भुकेले झाले तर त्याला काउंटरवर बसवून घासभर खाऊ घालता येऊ नये. स्वच्छतागृहात नेण्याचीही पंचाईत व्हावी. आणि आपल्याला तेथे का बसू देत नाहीत, हे त्या मुलाला कोणत्या शब्दांत सांगावे हे आईला कळू नये. घरातील पुरुषांना ह्या अपमानाची कल्पना होती, पण तो त्यांच्या रोजच्या वाट्याचा नव्हता. लॉसन ह्यांनी हे ऐकून घेतले आणि चळवळीचे पहिले लक्ष्य बाजारपेठ हेच ठरले.

स्त्रियांना नेतृत्वात आणणे म्हणजे एखादी खुर्ची रिकामी करून देणे, असा समज आहे. नॅशव्हिलमध्ये खुर्चीचा प्रश्न नंतर आला. त्याआधी कोणता प्रश्न महत्त्वाचा हे ठरवण्याचा अधिकार स्त्रियांना मिळाला होता. पुष्कळ संस्थांतून नेमके हेच उलट्या क्रमाने होते. विषयपत्रिका आधी तयार होते आणि मग ती वाचून दाखवण्यासाठी एखादी मुलगी बोलावली जाते.

डायॅन नॅश १९५९ साली फिस्कमध्ये दाखल झाल्या. त्या शिकागोच्या, कॅथलिक घरात वाढलेल्या. सौंदर्यस्पर्धेतही एकदा उतरल्या होत्या. उत्तरेत वाढल्यामुळे दक्षिणेतील पाट्यांशी त्यांची गाठ पडलेली नव्हती. नॅशव्हिलजवळच्या जत्रेत स्त्रियांच्या स्वच्छतागृहांवर ‘गोऱ्या’ आणि ‘काळ्या’ अशा वेगवेगळ्या पाट्या त्यांनी पाहिल्या आणि त्या संतापाने व्यथित झाल्या. ह्याविरुद्ध कोणी काही करीत आहे काय, असे त्या वसतिगृहात विचारीत फिरल्या. बहुतेकींना त्यात विशेष काही वाटत नव्हते. अखेर एका विद्यार्थ्याकडून त्यांना लॉसन ह्यांच्या वर्गाचा पत्ता लागला. प्रथम त्यांचा अहिंसेवर विश्वास बसला नाही. पण शहरात दुसरे कोणी काही करीतही नव्हते, म्हणून त्या येत राहिल्या.

हे वर्ग व्याख्यानांचे नव्हते. अर्धे विद्यार्थी गुंड होत, अर्धे सत्याग्रही. गुंड झालेले शिव्या देत, खुर्चीवरून खाली ओढत, केस उपटत, तोंडावर सिगारेटचा धूर सोडत. सत्याग्रही झालेल्यांनी प्रत्युत्तर द्यावयाचे नाही, डोके कसे वाचवावे, पडल्यावर अंग कसे आवळून घ्यावे, शेजारच्याला अधिक मार बसत असेल तर आपण मध्ये कसे पडावे, हे शिकावयाचे. मारणाऱ्याच्या डोळ्यांत पाहत राहावे, म्हणजे आपण माणसाला मारतो आहोत हे त्याला विसरता येत नाही, असेही शिकवले जाई. नंतर भूमिका बदलत.

ह्या तालमीत मुलींसाठी निराळी, सौम्य आवृत्ती नव्हती. त्यांना पाण्याचे पेले भरण्यासाठी अथवा घोषणांचे फलक रंगवण्यासाठी मागे ठेवलेले नव्हते. फिस्कच्या अँजेलिन बटलर, मेहारीत वैद्यकी शिकणाऱ्या ग्लोरिया जॉन्सन आणि डायॅन नॅश ह्यांनी जॉन लुइस, बर्नार्ड लाफाएट, जेम्स बेव्हल ह्यांच्याइतकाच सराव केला. धोका समान वाटून घेतल्यावर अधिकाराच्या वेळी ‘मुलींना हे झेपेल काय’ असे विचारण्याला तोंड उरत नाही. समान अधिकाराची भाषणे पुष्कळ होतात. समान धोक्याची तयारी क्वचित होते.

विद्यार्थ्यांची एक मध्यवर्ती समिती होती. निर्णय बहुमताने रेटण्याऐवजी सर्वांचे एकमत होईपर्यंत चर्चा करावयाची, असा तिचा शिरस्ता होता. ह्या पद्धतीत वेळ फार जातो, परंतु मोठ्या आवाजाच्या माणसाला तीत विशेष लाभ होत नाही. ह्या समितीने डायॅन नॅश ह्यांची अध्यक्षपदी निवड केली. वय एकवीस. नेमाने येणाऱ्या, पत्करलेले काम पुरे करणाऱ्या आणि गडबडीतही डोके शांत ठेवणाऱ्या म्हणून सहकारी त्यांना ओळखत होते. स्वतः नॅश ह्यांना मात्र निवडीचा आनंद होण्याऐवजी धडकीच भरली. शहरातील गोरे, धनिक, सत्ताधारी पुरुष समोर आहेत आणि आपण कालच्या मुली, असे त्यांना वाटे. आंदोलनाच्या दिवशी वर्गात बसल्या असता तळहातांना घाम सुटे, असे त्यांनी नंतर मोकळेपणाने सांगितले आहे. धैर्यवान स्त्रियांच्या चरित्रांतून हा घाम सहसा पुसून टाकलेला असतो, त्यामुळे वाचणाऱ्या मुलींना ती चरित्रे दुसऱ्याच कोणाची वाटतात.

निवड विद्यार्थ्यांनी केली. लॉसन ह्यांचे काम त्याआधीचे होते, आणि खरे पाहता त्यानंतरचेही. गुरुस्थानी असलेला, वयाने दहा वर्षांनी मोठा, तुरुंग भोगलेला, गांधीजींच्या देशात राहून आलेला मनुष्य समितीत बसलेला असताना अध्यक्षाने नावापुरतेच उरणे सहज शक्य होते. तसे झाले नाही.

१ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरो शहरात चार विद्यार्थ्यांनी गोऱ्यांसाठी राखलेल्या काउंटरवर बैठक मारली. नॅशव्हिलची तयारी त्याआधीच झालेली होती. नोव्हेंबर व डिसेंबरमध्ये दोन दुकानांत जाऊन त्यांनी अंदाजही घेतला होता. १३ फेब्रुवारीला सुमारे सव्वाशे विद्यार्थी बाजारपेठेत गेले. मुलगे कोट-टाय घालून, मुली नीटनेटक्या पोशाखात. किरकोळ खरेदी करून ते काउंटरवर बसले आणि त्यांना काही द्यावयास नकार मिळाल्यावर पुस्तके उघडून अभ्यास करू लागले. पुढील आठवड्यांत त्यांची संख्या वाढत गेली. २७ फेब्रुवारीला गोऱ्या तरुणांच्या टोळक्याने त्यांच्यावर हल्ला केला. विद्यार्थ्यांना खुर्च्यांवरून ओढून मारले, अंगावर जळत्या सिगारेटी विझवल्या. पोलिसांनी मारणाऱ्यांना सोडून बसलेल्यांना पकडले. एक तुकडी गाडीत चढवली की दुसरी येऊन त्याच खुर्च्यांवर बसे. त्या दिवशी ८१ जणांना अटक झाली.

न्यायालयाने प्रत्येकी ५० डॉलर दंड ठोठावला. समाजातील मंडळी पैसे गोळा करून उभी होती. तेव्हा डायॅन नॅश ह्यांनी उठून न्यायाधीशांना सांगितले की, हा दंड भरणे म्हणजे ज्या अन्यायाविरुद्ध आम्ही उभे आहोत त्यालाच हातभार लावणे होय. आम्ही तुरुंगात जाऊ. बोलणारा पुढारी त्या दिवशी कोणी धर्मगुरू वा वकील नव्हता.

घरोघरी काय झाले असेल, ह्याची कल्पना करता येते. मुलीला शिकावयास पाठवले आणि ती तुरुंगात गेली, ही बातमी शिकागोला नॅश ह्यांच्या घरी धक्का देऊन गेली. जॉन लुइस ह्यांच्या आईलाही मुलाच्या अटकेची लाज वाटली. ह्या भानगडीतून बाहेर पड, असे तिने त्यांना कळवले. तुरुंग ही गुन्हेगारांची जागा, कुटुंबाच्या अब्रूला काळिमा, अशीच त्या कष्टाळू घरांची समजूत होती. पालक चुकीचे होते असे म्हणणे सोपे आहे. ज्यांनी पै-पैसा जोडून मुलांना शिकवले, त्यांना शिक्षण वाया जाण्याचे भय वाटणे स्वाभाविकच होते. पुढे नॅश ह्यांच्या आईचे मत पालटले आणि चळवळीसाठी निधी जमवण्यातही तिने भाग घेतला.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात व्हॅन्डरबिल्ट विद्यापीठाने लॉसन ह्यांना काढून टाकले. विश्वस्तांपैकी एक जण शहरातील वृत्तपत्राचा मालक होता व त्या वृत्तपत्राने त्यांच्याविरुद्ध रान उठवले होते. लगोलग त्यांना अटकही झाली. धर्मशास्त्र विभागाच्या अनेक प्राध्यापकांनी निषेधार्थ राजीनामे दिले. शिक्षण पुरे करण्यासाठी लॉसन ह्यांना बॉस्टनला जावे लागले. पुढाऱ्याला हटवले की चळवळ कोसळते, असा अधिकाऱ्यांचा हिशेब असतो, आणि पुष्कळदा तो बरोबरही ठरतो. नॅशव्हिलमध्ये तो चुकला, कारण काढून टाकलेल्या विद्यार्थ्याने आपल्यावाचून चालेल अशी व्यवस्था आधीच करून ठेवली होती.

आता बाजारपेठेकडे वळले पाहिजे. निकाल तेथेच लागला. शहराच्या मध्यभागी हार्वीज, केन-स्लोन ही मोठी दुकाने होती, वूलवर्थ, क्रेस, मॅकलेलन ह्या साखळी दुकानांच्या शाखा होत्या. कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाला तेथे कापड मिळे, बूट मिळत, भांडी मिळत. त्याच छताखाली कॉफीचा पेला मात्र मिळत नसे. त्याचा पैसा गल्ल्यात चालत असे, तो स्वतः काउंटरवर चालत नसे. फिस्क विद्यापीठातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक व्हिव्हियन हेंडरसन ह्यांनी कृष्णवर्णीय समाजाच्या खरेदीशक्तीचा अभ्यास केला होता. ह्या खरेदीचे मोल दुकानदारांना कळले पाहिजे, हा विचार मूळ धरू लागला आणि ईस्टरच्या हंगामात बाजारावर बहिष्कार पुकारला गेला. ईस्टरला नवे कपडे घेण्याची तेथे रीत आहे. आपल्याकडे दिवाळीपूर्वीचा पंधरवडा जसा, तसे दुकानदारांच्या दृष्टीने ते दिवस.

ह्या बहिष्काराचे बळ घराघरांतील स्त्रियांत होते. मुलाचा नवा सदरा कोणत्या दुकानातून घ्यावयाचा, की यंदा जुनाच चालवावयाचा, हे आईच ठरवते. चर्चमधून निरोप गेले आणि ज्या गृहिणींनी लॉसन ह्यांच्या वर्गात आपले गाऱ्हाणे मांडले होते त्यांच्यासारख्या हजारोंनी बाजाराकडे पाठ फिरवली. गडबडीच्या भयाने गोरी गिऱ्हाइकेही येईनाशी झाली. हंगाम कोरडा गेला.

दुकानदारांना केवळ खलपुरुष म्हणून रंगवणे सत्याला धरून होणार नाही. त्यांच्यातील काहींना ही प्रथा मनापासून पटत होती, हे खरेच; परंतु कित्येकांची अडचण निराळी होती. मी एकट्याने काउंटर खुला केला तर माझी गोरी गिऱ्हाइके शेजारच्या दुकानात जातील, हे भय प्रत्येकाला होते. पहिले पाऊल टाकणाऱ्याने सर्व तोटा सोसावयाचा आणि मागून येणाऱ्यांनी त्याच्या अनुभवाचा फायदा घ्यावयाचा, हा पेच कोणत्याही पेठेतील व्यापाऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. महापौरांनी नेमलेल्या समितीने मध्यम मार्ग सुचवला: काउंटरचा एक भाग गोऱ्यांसाठी राखावा व दुसरा सर्वांना खुला करावा. विद्यार्थ्यांनी तो नाकारला. अर्धी खुर्ची त्यांना नको होती.

१९ एप्रिलच्या पहाटे विद्यार्थ्यांचे वकील झेड. अलेक्झांडर लूबी ह्यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. लूबी पतिपत्नी बचावली. समोरच्या मेहारी महाविद्यालयाच्या कित्येक खिडक्यांच्या काचा फुटल्या. त्याच दिवशी हजारो लोक मूकपणे चालत नगरभवनापर्यंत गेले. महापौर बेन वेस्ट पायऱ्यांवर आले. सी. टी. व्हिव्हियन ह्या तरुण धर्मोपदेशकाने कडक भाषेत निवेदन वाचले. महापौर चिडले, शब्दाला शब्द वाढू लागला. तेव्हा डायॅन नॅश पुढे झाल्या. केवळ वर्णावरून माणसा-माणसांत भेद करणे योग्य आहे असे आपल्याला वाटते काय, असे त्यांनी महापौरांना एक माणूस म्हणून विचारले. वेस्ट ह्यांनी ते योग्य नाही असे कबूल केले. मग, काउंटर सर्वांना खुले व्हावेत अशी आपली शिफारस आहे काय, हा नेमका प्रश्न त्यांनी पुढे टाकला. महापौर ‘होय’ म्हणाले. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात तीच बातमी ठळकपणे झळकली.

ह्या प्रश्नांनी बाजारपेठेची कोंडी फुटली. महापौरांनी जाहीर शब्द दिल्यामुळे पहिले पाऊल टाकल्याचा दोष आता कोणा एका दुकानदारावर येणार नव्हता. विद्यार्थी व व्यापारी ह्यांच्या वाटाघाटी झाल्या. ठराविक दिवशी, कमी गर्दीच्या वेळी, दुकानदारांना आधी कळवून थोडी माणसे येतील. गाजावाजा होणार नाही. सर्व दुकाने एकाच वेळी सुरुवात करतील, असे ठरले. १० मे १९६० रोजी शहरातील सहा दुकानांच्या काउंटरवर कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांना प्रथम खाणे वाढले गेले. काही अनिष्ट घडले नाही. प्रतिपक्षाला नमवल्याचा जल्लोष न करणे, हा ह्या कराराचाच भाग होता, आणि उद्या त्याच दुकानांत त्याच माणसांशी व्यवहार करावयाचा आहे ह्याचे भान त्यात दिसते.

तथापि नॅशव्हिलमध्ये जे जमले ते सर्वत्र जमले असे समजू नये. एप्रिल १९६० मध्येच एला बेकर ह्या ज्येष्ठ कार्यकर्तीच्या पुढाकाराने रॅली शहरात देशभरच्या विद्यार्थ्यांची परिषद भरली आणि तिच्यातून विद्यार्थ्यांची अहिंसक समन्वय समिती जन्मली. तिचे ध्येयपत्रक लॉसन ह्यांनी लिहिले. अध्यक्ष म्हणून मात्र नॅशव्हिलचेच मॅरियन बॅरी निवडले गेले. ऑगस्ट १९६३ मधील वॉशिंग्टनच्या विराट मोर्चात मुख्य वक्त्यांमध्ये एकही स्त्री नव्हती. लढवय्या स्त्रियांना वंदन म्हणून काही नावांचा उल्लेख तेवढा झाला; त्यांत डायॅन नॅश ह्यांचे नाव होते. एका शहरातील एका अभ्यासवर्गाने घालून दिलेली शिस्त देशव्यापी संघटनेच्या अंगी आपोआप मुरत नाही.

नॅश ह्यांचे काम मात्र त्यामुळे थांबले नाही. मे १९६१ मध्ये आंतरराज्य बसगाड्यांतील भेदभावाविरुद्ध निघालेली ‘स्वातंत्र्ययात्रा’ अलाबामात अडली. एक बस जाळली गेली, प्रवाशांना बेदम मारहाण झाली आणि मूळ आयोजकांनी यात्रा आवरती घेतली. हिंसेने अहिंसा थांबवता येते असा समज ह्यातून पसरेल, हे ओळखून नॅश ह्यांनी नॅशव्हिलहून दहा विद्यार्थ्यांची नवी तुकडी पाठवण्याचे ठरवले. केंद्र सरकारच्या न्याय खात्याच्या अधिकाऱ्याने दूरध्वनीवरून विनवले, की मुले मारली जातील. आपल्याला त्याची जाणीव आहे, जाणाऱ्यांनी आपापली मृत्युपत्रे लिहून ठेवली आहेत, असे उत्तर नॅश ह्यांनी दिले. तेव्हा त्या नुकत्याच तेवीस वर्षांच्या झाल्या होत्या. अशा वयाची मुलगी सरकारशी बोलत होती आणि सहकारी तिच्या सूचनेप्रमाणे चालत होते. पुढे ह्याच यात्रेच्या एका बसमध्ये लॉसन प्रवासी म्हणून बसले. योजना आणि समन्वय नॅश ह्यांच्याकडे होता. ज्यांनी शिकवले ते तुकडीत, आणि जी शिकली ती सूत्रधार, ह्यात कोणालाच काही विपरीत वाटले नाही. त्याच वर्षी १ नोव्हेंबरपासून आंतरराज्य बसगाड्या व स्थानके ह्यांतील भेदभावाला मनाई करणारा नियम अमलात आला.

व्हॅन्डरबिल्ट विद्यापीठाने पुढे आपली चूक मान्य केली आणि ज्या विद्यार्थ्याला हाकलले होते त्याला २००६ साली सन्मानाने अध्यापनासाठी बोलावले. आज तेथे लॉसन ह्यांच्या नावाने अहिंसक चळवळींच्या अभ्यासाची संस्था आहे, आणि शहरात त्यांच्या नावाची एक माध्यमिक शाळाही आहे. ९ जून २०२४ रोजी लॉस एंजलिस येथे वयाच्या ९५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. डायॅन नॅश ह्यांना जुलै २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला. ज्या पायऱ्यांवर त्यांनी महापौरांना प्रश्न विचारला, त्या पायऱ्यांसमोरच्या चौकाला नॅशव्हिल शहराने त्यांचे नाव दिले आहे.